पीएचडी संपायची वाट पाहू नका, आधी नंबर लावा

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या डोक्यात एक क्रम पक्का बसलेला असतो: आधी डिफेन्स (प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा), मग नोकरी, मग ग्रीन कार्डाचं काय ते कंपनी बघेल. ब्राझीलमध्ये किंवा इटलीत जन्मलेल्या विद्यार्थ्याचं या क्रमाने फारसं बिघडत नाही. भारतात जन्मलेल्याचं बिघडतं, आणि किती बिघडलं हे कळेपर्यंत चार-पाच वर्षं हातची गेलेली असतात.

म्हणून आधीच स्पष्ट सांगून टाकावंसं वाटतं. पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी कामात दम दिसत असेल, तर ईबी-२ या (नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या दुसऱ्या, उच्चशिक्षितांच्या) वर्गातली नॅशनल इंटरेस्ट वेव्हरची, म्हणजे देशहितासाठी नोकरीच्या प्रस्तावाची अट माफ करा अशी याचिका, जिला सगळे एनआयडब्ल्यू म्हणतात, ती स्वतःच्या नावाने भरून टाका. तिने ग्रीन कार्ड लवकर मिळणार नाही, ती आशा ठेवूच नका. ती भरायची प्रायॉरिटी डेटसाठी, म्हणजे रांगेतल्या नंबरासाठी.

आकडे बघितले की हे पटतं. नोकरीच्या सगळ्या वर्गांना मिळून वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार व्हिसा, म्हणजेच ग्रीन कार्डं. त्यातले २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४०, ईबी-२ चे. आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातले ७ टक्के, म्हणजे साधारण २,८००. जोडीदार आणि मुलंही यातच मोजली जातात. देश केवढाही असो, मर्यादा तीच. इतरांनी न वापरलेले व्हिसा कधीकधी भारताच्या वाट्याला येतात, त्यामुळे ज्या तारखेपर्यंतच्या नंबरांची पाळी आली ती अंतिम तारीख काही वर्षी झपकन पुढे सरकते आणि काही वेळा मागेही येते. ऑक्टोबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक पत्रकात, भारतासाठी ईबी-२ ची अंतिम तारीख होती १ एप्रिल २०१३. ज्यांची वेगळी रांग नाही अशा बाकीच्या देशांसाठी १ डिसेंबर २०२३. भारताची ईबी-१ ची, म्हणजे पहिल्या वर्गाची, तारीख १५ फेब्रुवारी २०२२.

आता कंपनीच्या वाटेने गेलात तर नंबर कधी लागतो ते बघा. कंपनी बहुधा पहिल्या दिवशी काही सुरू करत नाही. मग कामगार खात्याकडून पगाराची पातळी ठरवून घ्यायची, जाहिराती द्यायच्या, आलेले अर्ज तपासायचे, आणि मग पर्म, म्हणजे कामगार खात्याकडचा मंजुरीचा अर्ज, दाखल होतो. तुमची तारीख त्या दिवसाची. याचिका मंजूर होण्याआधीच कपात झाली तर पुढच्या कंपनीत पहिल्यापासून. एनआयडब्ल्यूत यातलं काहीच नाही. आय-१४०, म्हणजे याचिकेचा फॉर्म, यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) नीट पोचली तो दिवस तुमचा, आणि याचिकाकर्ते तुम्हीच असल्यामुळे कुठलीही कंपनी ती मागे घेऊ शकत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. याचिका मंजूर झाली की तिची तारीख पुढच्या याचिकेला लावता येते. उद्या संशोधन सोडून उद्योगात गेलात, विषय बदलला, कंपनीने ईबी-२ किंवा ईबी-३ (तिसरा वर्ग) भरलं, किंवा पोस्टडॉकनंतर ईबी-१ए (पहिल्या वर्गातली असामान्य कामगिरीची याचिका) मिळालं, तरी जुनी तारीख चालते. याचिकेत लिहिलेला प्रकल्प टिकला नाही तरी तारीख टिकते. शिवाय मंजूर आय-१४० असली की एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) सहा वर्षांपुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो आणि एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो. घरात दोन माणसं शिकलेली असताना एकाने रिकामं बसायचं का, हा प्रश्न तिथे सुटतो. मात्र नामंजूर याचिकेची तारीख मिळत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी एखाद-दुसऱ्या पोस्टरच्या भरवशावर भरण्यात अर्थ नाही.

रांग कुठल्या देशाची हे पासपोर्टवरून ठरत नाही, जन्मस्थळावरून ठरतं. गोव्यात अनेकांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे आणि आपण भारताच्या रांगेतून सुटलो असं त्यांना वाटतं. जन्म म्हापशाचा किंवा मडगावचा असेल तर रांग भारताचीच. उलट, घर रत्नागिरीचं पण वडील नोकरीला असताना जन्म मस्कतचा, तर पासपोर्ट भारताचा असूनही रांग ओमानची. आणि जोडीदाराचा जन्म कुवेतला किंवा दुबईला झाला असेल तर त्याच्या जन्मदेशाची रांग तुम्हालाही वापरता येते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या किती घरांत हे लागू पडतं आणि कुणी विचारतही नाही! आधी दोघांचे जन्मदाखले बघा.

आता याची किंमत. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, परत जाण्याच्या हेतूवर उभा आहे आणि आय-१४० म्हणजे राहण्याची इच्छा कागदावर आली. यूएससीआयएसच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे की अशी याचिका दाखल झालेला विद्यार्थीही परत जाण्याचा हेतू दाखवू शकतो. पण पासपोर्टवर व्हिसाचा स्टॅम्प देणारा यूएससीआयएसचा अधिकारी नसतो. तो मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीमागे बसलेला असतो आणि निर्णय त्याचा. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसा बहुधा पाच वर्षांचा मिळतो आणि पीएचडीला पाच-सहा लागतात, म्हणजे नेमका शेवटी स्टॅम्प संपतो. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांना मुलाखत द्यावीच लागते, आणि तीही आपल्या देशात किंवा जिथे राहतो त्या देशात. मेक्सिकोला जाऊन स्टॅम्प आणण्याची वाट जवळपास बंद झाली. म्हणून क्रम असा ठेवा: भारतात जाऊन या, नवा स्टॅम्प घ्या, परत आल्यावर याचिका भरा. घरी आईवडील आजारी असतील, वर्षभरात जावंच लागणार असेल आणि स्टॅम्प संपत आला असेल, तर थांबा. एका तारखेपायी त्या वेळी अडकून पडणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात प्रश्न असतो: तुमच्यासाठी कधी कुणी इमिग्रंट याचिका दाखल केली आहे का? ‘मी स्वतः भरली, दुसऱ्या कुणी नाही, म्हणून उत्तर नाही’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला घातक आहे. उत्तर ‘हो’ असंच द्यायचं, याचिका नामंजूर झाली असली तरी. खोटं उत्तर सापडलं तर कायमची प्रवेशबंदी लागू शकते आणि मग तारीख घेऊन करायचं काय?

फाइल कशी असावी? पहिला उंबरठा पदवीचा. दाखल करण्याच्या दिवशी तुमच्याकडे मास्टर्स किंवा त्याला समकक्ष पदवी हवी. पीएचडी ‘चालू आहे’ हे चालत नाही. बरेच विभाग कँडिडसीनंतर (पीएचडीतली पात्रता परीक्षा पार पडल्यावर) मधली मास्टर्स देतात. तिचा अर्ज करा आणि पदवी नोंदली गेल्यावरच याचिका पाठवा. भारतातली पदवी वापरणार असाल तर समकक्षतेचा अहवाल जोडा, विशेषतः बीएस्सी तीन वर्षांची असेल तर.

मग खरी परीक्षा. २०१६ च्या धनासर निर्णयाने (यूएससीआयएसच्या अपील कार्यालयाच्या एनआयडब्ल्यूवरच्या निकालाने) तीन कसोट्या घातल्या: तुमच्या नियोजित कामाला गुणवत्ता आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का, ते काम पुढे नेण्याची तुमची तयारी आहे का, आणि नोकरीच्या प्रस्तावाची अट माफ करण्यात देशाचा फायदा आहे का. बहुतेक विद्यार्थी दुसऱ्या कसोटीवर पन्नास पानं खर्च करतात आणि पहिल्यावर दीड. फाइल आपटते ती पहिलीवर. ‘मी मशीन लर्निंगमध्ये संशोधन करीन’ हे नियोजित काम होत नाही, ते क्षेत्राचं नाव झालं. ‘प्राध्यापक होऊन शिकवीन’ हेही पुरत नाही. खुद्द धनासर प्रकरणात संशोधन मान्य झालं, पण अध्यापनाचा परिणाम राष्ट्रीय पातळीवर पोचतो हे सिद्ध झालं नाही. लिहायचं असं: कुठला प्रश्न, कुठल्या पद्धतीने, पुढच्या तीन-चार वर्षांत कुठले टप्पे, आणि निकाल तुमच्या प्रयोगशाळेबाहेर कोण वापरणार. सोबत सरकारी अग्रक्रमाची कागदपत्रं जोडा, पण विषय महत्त्वाचा असल्याने तुमचं काम आपोआप महत्त्वाचं ठरत नाही. दोन्हींमधला दुवा तुम्हीच दाखवायचा. १५ जानेवारी २०२५ च्या सुधारित मार्गदर्शनानंतर पदवी आणि नियोजित काम यांचा संबंधही बारकाईने बघतात.

शिफारसपत्रं पाच-सहा पुरे. त्यातली निदान तीन अशा लोकांची हवीत ज्यांनी तुमच्याबरोबर कधी काम केलेलं नाही पण तुमचं काम वापरलं आहे. ‘हुशार, मेहनती’ या शब्दांना शून्य किंमत आहे. ‘आमच्या गटाने यांची पद्धत अमुक प्रयोगात वापरली आणि तमुक बदललं’ या एका वाक्याला खूप. सगळ्या पत्रांचे मसुदे तुम्हीच लिहून दिले की सहा पत्रांत तेच वाक्य येतं, आणि अधिकाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. उद्धरणांची नुसती संख्या देऊ नका. कुणी, कुठे, कशासाठी उद्धृत केलं याची चार-पाच ठळक उदाहरणं खूण करून दाखवा. पिअर रिव्ह्यूचं, म्हणजे इतरांचे पेपर तपासण्याचं, निमंत्रण पुरत नाही, काम पूर्ण झाल्याची ईमेलही लागते. त्या ईमेली आजपासून एका फोल्डरमध्ये टाका. आणि पात्रता दाखल केल्याच्या दिवसाची मोजतात. नंतर स्वीकारलेला पेपर आरएफईच्या (जादा पुराव्याच्या मागणीच्या) उत्तरात घालून आधीची उणीव भरून निघत नाही. एखादा मोठा पेपर महिन्याभरात येणार असेल तर तेवढं थांबणं शहाणपणाचं.

कागदी चुकांनी तारीख जाते, म्हणून हे नीट वाचा. आय-१४० सोबत ईटीए-९०८९ या कामगार खात्याच्या फॉर्मचं परिशिष्ट ए आणि सही केलेलं फायनल डिटरमिनेशन लागतं. नेटवर फिरणारे जुने नमुने ईटीए-७५०बी चे आहेत. शुल्क ७१५ डॉलर, आणि स्वतः याचिका भरणाऱ्याला असायलम प्रोग्रॅम फी ३०० डॉलर, दोन्ही वेगवेगळी भरायची. नोकरदात्याच्या आकाराबद्दलचे प्रश्न आपल्याला लागू नाहीत असं समजून कोरे सोडले की शुल्क जुळत नाही आणि पाकीट परत येतं. परत आलेल्या पाकिटाची तारीख धरत नाहीत. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी चेक घेत नाहीत. कार्डाने शुल्क भरायचं तर जी-१४५० आणि बँक खात्यातून भरायचं तर जी-१६५० हा फॉर्म जोडा. पाठवण्याच्या दिवशी शुल्क आणि फॉर्मची आवृत्ती साइटवर पुन्हा बघा, बदलत राहतं.

प्रीमियम प्रोसेसिंगवर, म्हणजे लवकर निकालाच्या जादा शुल्कावर, स्टायपेंडमधले जवळपास तीन हजार डॉलर घालवायची घाई नको. त्याने उत्तर ४५ कामकाजी दिवसांत येतं, तारीख एका दिवसानेही अलीकडे येत नाही. एच-१बी ची सहा वर्षं संपत आली तर तेव्हा प्रीमियम भरता येतो. वकिलाचं म्हणाल तर फाइल स्वतः तयार करता येते आणि मंजूरही होते. पण प्रवासाचा किंवा स्टेटसचा गुंता असेल तर निदान तासाभराचा सल्ला पैसे देऊन घ्या. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आलेल्यांनी तर घ्याच, कारण दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट पुरी होईपर्यंत किंवा माफ होईपर्यंत एच-१बी आणि आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) दोन्ही अडतात.

एक काम मात्र भारतात असतानाच करायचं. आपल्याकडे जन्मदाखल्यावर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, किंवा नोंद उशिरा झालेली असते. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव घालून घ्या. नोंदच सापडत नसेल तर तसं लेखी पत्र घ्या, आणि शाळा सोडल्याचा दाखला व आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं तयार ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी आणखी एक बघावं: पेपर माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि वडिलांचं नाव कुठे मधे तर कुठे गायब. याचिकेत पूर्वी वापरलेल्या नावाचं प्रत्येक रूप लिहा, विवाह नोंदणीचा दाखला जोडा आणि राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रतही. पेपर तुमचेच आहेत हे अधिकाऱ्याला पहिल्या पानावर कळलं पाहिजे.