अस्थिकलश दर्शनी भागात ठेवावा

जोडीदाराच्या घरच्यांसोबत सुट्टी घालवण्यावर विनोदी सिनेमा लिहायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे ऐकून फार बरं वाटलं. असे सिनेमे आहेतच किती! गेल्या सुट्टीत एक आला, येत्या सुट्टीत एक येईल, मधल्या काळात प्रेक्षकांचे काय हाल होतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. कल्पना आपलीच असली पाहिजे अशीही सक्ती नाही. २००० सालचा 'मीट द पेरेंट्स' हा हॉलीवूडचा विनोदपट ग्रेग ग्लिएना यांच्या १९९२ मधल्या त्याच नावाच्या छोट्या सिनेमाचा मोठा अवतार होता. तेव्हा निर्धास्त लिहायला बसा.

आधी घर शोधा. घर वस्तीपासून लांब हवं, मोबाइलला रेंज नको आणि परत जायचं वाहन दोन दिवसांनीच मिळायला हवं. निर्माता खूश होतो, कारण सगळं शूटिंग एकाच छपराखाली उरकतं. शिवाय नायकाला पळता येत नाही. खुनाच्या गोष्टीत माणसांना बेटावर कोंडतात ते याच कारणासाठी. तिथे निदान खून तरी होतो.

नायकाची बॅग विमान कंपनीकडून हरवून घ्या. स्वतःचे कपडे गेले की माणसाची अर्धी अब्रू जाते. उरलेली अर्धी होणाऱ्या मेव्हण्याचे कपडे घालून जाते. पोहण्याचा प्रसंग लगेच पुढच्याच दिवशी ठेवा, आणि उसनी चड्डी दोन साइज लहान.

आता मुख्य गोष्ट. घरात एक वस्तू अशी हवी, की ती फुटली तर माफी मागायलाही तोंड राहू नये. फुलदाणी चालणार नाही, फुलदाणीची किंमत भरून देता येते. वर उल्लेखलेल्या सिनेमात सासरेबुवांच्या आईचा अस्थिकलश आहे, तोही सगळ्यांना दिसेल असा. जेवणाच्या टेबलावर सासरे आईवर केलेली कविता वाचतात. मग नायक सौजन्य म्हणून शॅम्पेनची बाटली उघडतो. बूच उडतं, कलशावर बसतं, कलश खाली, रक्षा जमिनीवर. इथे कुठलाही साधा लेखक थांबला असता. पण घरात मांजर आहे, आणि मांजराच्या दृष्टीने जमिनीवरची राखाडी भुकटी एकाच कामाची असते. हा प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा कवितेकडे लक्ष द्या. खरी चाल तिथे आहे. कविता नसती तर फुटलं ते भांडं. कविता झाल्यामुळे फुटते ती आई. तुम्ही अर्थात कविता गाळा आणि मांजरं दोन ठेवा.

यानंतर खोटं. नायकाने पहिल्या दहा मिनिटांत एक बारीकसं, अगदी अनावश्यक खोटं बोलायचं आणि मग दीड तास ते निस्तरत बसायचं. प्रेक्षकांतून कोणी "अरे, सांगून टाक ना!" असं म्हणालं, तर त्याला बाहेर काढा. सांगून टाकलं तर सिनेमा संपतो, आणि पॉपकॉर्न तर अजून अर्धं उरलेलं असतं.

पण सर्वांत जपायचं पात्र म्हणजे खुद्द जोडीदार. त्याला काहीही करू देऊ नका. या अख्ख्या घरात दोन्हीकडची माणसं ओळखणारा तो एकटाच असतो. वडिलांना कशाचा राग येतो, आईशी कोणता विषय काढायचा नाही, जुनं लग्न कोणाशी ठरलं होतं, सगळं त्याला पाठ. येता येता गाडीत चार वाक्यं बोलला असता, तर कोणाचं काहीच बिघडलं नसतं. 'मीट द पेरेंट्स'मधली पॅमच बघा. वडील निवृत्त फूलविक्रेते, एवढंच ती नायकाला सांगते. ते प्रत्यक्षात सीआयएमध्ये होते हे तो कधी ऐकतो? लाय-डिटेक्टरवर बसून उठल्यावर! आधीच्या वाग्दत्त वराबद्दलही तेच. आणि सगळं निस्तरतं कोण? नायक. तुमच्याही पटकथेत जोडीदाराने खिडकीपाशी उभं राहून "माझे बाबा मनाने खूप चांगले आहेत" एवढंच म्हणावं. हे वाक्य तीनदा यायला हवं.

संगीताची मात्र काळजी घ्या, ते चुकलं तर विनोदाचा भयपट होतो. प्रेयसीच्या घरी शनिवार-रविवार राहायला जाणारा तरुण, जास्तच गोड बोलणारे आई-वडील, वस्तीपासून दूर घर: हीच गोष्ट २०१७ मध्ये 'गेट आउट' या भयपटात आली आणि तिला मूळ पटकथेचं ऑस्करही मिळालं. गंमत म्हणजे गोल्डन ग्लोबमध्ये तिला नामांकन मिळालं ते 'संगीतमय किंवा विनोदी' विभागात. ज्यांनी सासरी चार दिवस काढलेत त्यांना यात काहीच चूक वाटली नाही.

सासऱ्याच्या भूमिकेसाठी धाक वाटेल असा नट घ्या आणि त्याला सांभाळून ठेवा, पुढे कामाला येतो. २००० मध्ये 'मीट द पेरेंट्स'मध्ये मुलीचा बाप झालेले रॉबर्ट डी नीरो २०२३ मध्ये 'अबाउट माय फादर'मध्ये मुलाचे बाप झाले आणि मुलाच्या होणाऱ्या सासरी सुट्टीवर गेले. टेबलाची बाजू बदलायला तेवीस वर्षं लागली.

शेवट विमानतळावर करावा. नायक निघालेला आणि सासरे त्याला थांबवायला धावत आलेले. दीड तासात न विरघळलेला माणूस तिथे दीड मिनिटात विरघळतो. का, ते विचारू नका. बहुधा पार्किंगचे पैसे चढत असावेत.

फक्त लिहिताना स्वतःचा अनुभव मध्ये आणू नका, ही कळकळीची विनंती. मी तो मोह एकदा केला. आमच्या पहिल्या एकत्र सुट्टीत काही फुटलं नाही, काही जळलं नाही, बॅगाही वेळेवर आल्या. होणारे सासरे तीन दिवस शब्दकोडं सोडवत बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "पाच अक्षरी. सहन करणारा." मी रात्रभर विचार करत होतो. सकाळी निघताना उत्तर सांगितलं. ते म्हणाले, "ते कालच आलं होतं."

मी जोडीदाराकडे पाहिलं. ती खिडकीपाशी उभी होती.