शुगर आहे म्हणून बायपास नको?

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी सांगलीहून वहिनींचा फोन आला, तेव्हा इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, मी नुकतीच कामावर पोहोचले होते. दादाची अँजिओग्राफी चालू होती आणि वहिनी कॅथलॅबच्या दाराशी संमतीपत्र हातात घेऊन उभ्या होत्या. तीन ब्लॉक आहेत, आत्ताच स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या) टाकले तर परवा घरी, नाहीतर बायपास करावी लागेल, म्हणजे छाती उघडावी लागेल, असे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले होते आणि उत्तरासाठी दहा मिनिटे दिली होती. दादाला हार्ट अटॅक आलेला नव्हता; चालताना छाती भरून येते म्हणून तो तपासणीला गेला होता आणि चौदा वर्षे त्याला मधुमेह होता. “शुगरवाल्याची जखम भरत नाही म्हणतात हो,” असे वहिनी म्हणाल्या. मीही तेच ऐकत आले होते, म्हणून मीही “स्टेंट टाका” असेच सांगितले.

त्यानंतर दीड वर्षाने माझ्या पतींची अँजिओग्राफी इथे झाली. त्यांनाही मधुमेह आहे आणि त्यांच्याही तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, पण त्या दिवशी कोणीही काहीही टाकले नाही. मनगटावर पट्टी बांधून त्यांना घरी पाठवले आणि हृदयरोगतज्ज्ञ व शल्यविशारद एकत्र बसून चित्रफीत पाहतील आणि मग कळवतील, असे सांगितले. शल्यविशारदांनी आम्हाला भेटीला बोलावले, तेव्हा त्यांनी कागदावर पेन्सिलीने हृदय काढले आणि छातीच्या आतल्या बाजूची धमनी, तिचे वरचे टोक जागच्या जागी ठेवून, खालच्या टोकाने हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीला कशी जोडतात ते दाखवले. ही जोडणी बहुतेकांच्या बाबतीत दहा वर्षांनंतरही उघडी राहते. पायातून घेतलेल्या शिरा मात्र इतक्या टिकत नाहीत, हेही त्यांनी स्वच्छ सांगितले.

मग त्यांनी जे सांगितले ते मला दादाच्या वेळी कळायला हवे होते. मधुमेहात रोग एका ठिकाणी थांबत नाही, तो वाहिनीभर पसरत जातो. स्टेंट जिथे टाकला तेवढीच जागा उघडतो, तर बायपासची जोडणी अडथळ्याच्या पुढे जाऊन होत असल्यामुळे, वरच्या भागात उद्या नवा अडथळा आला तरी रक्ताला वाट राहते. म्हणजे ज्या शुगरचे कारण देऊन आपण बायपास टाळतो, तीच शुगर अशा रुग्णात बायपासच्या बाजूचे कारण ठरते.

हे केवळ तर्काने ठरलेले नाही. अमेरिकेतील ‘बारी’ या अभ्यासात, स्टेंट येण्यापूर्वी वाहिनी नुसत्या फुग्याने रुंद करत त्या काळात, औषधोपचार चालू असलेल्या मधुमेहींपैकी पाच वर्षांनी बायपासच्या गटात सुमारे 81 टक्के आणि फुग्याच्या गटात सुमारे 66 टक्के जिवंत होते. हे 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. औषधी स्टेंट, म्हणजे औषधाचा लेप असलेले स्टेंट, आल्यावर हा फरक मिटेल अशी आशा होती. 2012 मध्ये एकापेक्षा जास्त वाहिन्यांत रोग असलेल्या 1,900 मधुमेहींवरच्या ‘फ्रीडम’ चाचणीचे निष्कर्ष आले: पाच वर्षांत स्टेंटच्या गटात 16.3 टक्के रुग्ण दगावले, बायपासच्या गटात 10.9 टक्के. अर्धांगाच्या झटक्याचे प्रमाण मात्र बायपासमध्ये जास्त होते, 5.2 टक्के विरुद्ध 2.4 टक्के, आणि घाबरलेल्या नातेवाइकांना हेही सांगितले गेलेच पाहिजे. त्या चाचणीतले स्टेंट पहिल्या पिढीचे होते, आजचे अधिक चांगले आहेत, हा आक्षेपही रास्त आहे. परंतु पसरलेल्या रोगाचा प्रश्न चांगल्या स्टेंटनेही सुटत नाही.

महाराष्ट्रात या विषयावर चर्चा होते ती पैशांची. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर आणली, त्याच वर्षी राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी (रुग्ण पाठवण्याबद्दल डॉक्टरांनी घेतलेल्या कमिशनविरोधी) कायद्याचा मसुदा तयार झाला, आणि या दोन्ही गोष्टींची गरज होतीच. पण स्वस्त झालेला स्टेंट या रुग्णाला योग्य आहे का, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. इथली व्यवस्था मला आदर्श वाटत नाही. पतींना शस्त्रक्रियेसाठी अकरा आठवडे थांबावे लागले आणि त्यातली प्रत्येक रात्र आम्ही त्यांच्या श्वासाकडे कान लावून काढली. सांगलीत हीच शस्त्रक्रिया आठवड्याभरात झाली असती. मात्र निर्णयाआधी मिळालेले ते काही दिवस मला लाखमोलाचे वाटतात, आणि त्यासाठी कोणतीही महागडी यंत्रणा लागत नाही. अटॅक चालू असताना वाहिनी ताबडतोब उघडावीच लागते, तिथे थांबणे जिवावर बेतेल. दादासारख्या स्थिर रुग्णाला मात्र घरी जाऊन दुसरे मत घेण्याइतका वेळ बहुधा असतो.

जखमेची भीती खोटी नाही. मधुमेहींमध्ये छातीच्या हाडाच्या जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणूनच शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणण्यावर इथल्या परिचारिकेने पतींच्या मागे रोज तगादा लावला होता.

या फेब्रुवारीत दादाला पुन्हा जिना चढताना छातीत दुखू लागले. या वेळी वहिनींनी संमतीपत्रावर “फक्त अँजिओग्राफी” असे स्वतःच्या हाताने लिहिले, सीडी पर्समध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन त्या दादासोबत मिरजेला एका हृदयशल्यविशारदांकडे गेल्या.