ताई, हे ते कोचिंग नव्हे

शाळेतर्फे कोचिंगचा कोर्स करतेय, असं ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तिकडंही क्लासचं खूळ आलं का? नीट का जेईई?" ताई कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. मी इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका प्राथमिक शाळेत टीए (टीचिंग असिस्टंट) आहे, म्हणजे वर्गशिक्षिकेची मदतनीस. जिच्या डोळ्यांसमोर लातूर आणि कोटा आहे तिला हे दुसरं कोचिंग समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

यात कुणी कुणाला शिकवत नाही. दोघींनी समोरासमोर बसायचं, एकीनं विचारायचं, दुसरीनं बोलत बोलत विचार करायचा. काय हवंय, आत्ता काय परिस्थिती आहे, काय काय करता येईल, त्यातलं नक्की काय करणार, असा प्रश्नांचा क्रम. पूर्वी मोटारींच्या शर्यती खेळणाऱ्या जॉन व्हिटमोर यांनी तो जगभर नेला. सल्ला द्यायला बंदी. सरावाला तिघींचा गट असतो आणि तिसरी वही घेऊन बसते. माझ्या पहिल्या अर्ध्या तासात मी सात वेळा "तू असं कर ना" म्हणाले, असं तिनं लिहून ठेवलं होतं. आमच्या घराण्यात न विचारता सल्ला देणं हीच माया, त्यामुळं मला ते फार जड गेलं.

मग माझी बोलायची पाळी आली. इथं पहिलीच्या मुलांची जूनमध्ये फोनिक्सची, म्हणजे अक्षरांच्या उच्चारांवरून शब्द वाचण्याची चाचणी असते, चाळीस शब्द वाचायचे. मागं पडलेल्या सहा मुलांचा गट माझ्याकडं होता आणि मला धास्ती होती ती माझ्याच उच्चारांची. इंग्रजीत v आणि w वेगळे, आपल्याकडं सगळा एकच 'व'. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम का बनियन, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. पालकांसमोर तर मी तोंडच उघडत नसे. समोरचीनं "तुझे उच्चार छान आहेत गं" असली समजूत घातली नाही. तिनं विचारलं, "मग 'व' शिकवताना तू नेमकं काय करतेस?" मी सांगू लागले: एकासाठी ओठांचा चंबू करायचा, दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, मुलांच्या हातात छोटा आरसा द्यायचा. बोलता बोलता लक्षात आलं की मला तो फरक मुद्दाम शिकावा लागला, म्हणूनच तो दाखवता येतो. पुढच्या पालकसभेला आरसा घेऊन मीच उभी राहिले.

त्यानंतर एचएलटीए (हायर लेव्हल टीचिंग असिस्टंट) या वरच्या दर्जासाठी अर्ज केला. तेहतीस निकष असतात, ते पुरे केल्याचे पुरावे द्यावे लागतात. मिळाला. आता आठवड्यातून काही तास पूर्ण वर्ग एकटी घेते.

इथपर्यंत ऐकून ताईला इंग्लंड म्हणजे स्वर्ग वाटायला लागला, म्हणून उरलेलंही सांगितलं. वरचा पगार मिळतो तो फक्त त्या काही तासांचा, बाकीचे तास जुन्याच दरानं. पगार शाळेच्या दिवसांवर बेतलेला, सुट्ट्या त्यातून वजा. बजेटला कात्री लागली की पहिली नजर आम्हा टीएंवरच जाते. आत्मविश्वास वाढला, दर्जा मिळाला, घरभाडं मात्र नवऱ्याच्याच पगारातून जातं.

गावाकडं चर्चा आहे टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. ताईची नोकरी एकवीस वर्षांची. मुलांना पारखलेला शिक्षक मिळायला हवा, हे मला मान्यच आहे. नोकरीत येताना परीक्षा असावीच. पण एकवीस वर्षांत तिची पारख करायची तसदी कुणी घेतली? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार शिक्षकांना वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण आहे. त्यातलं कितीतरी लिंक उघडून, व्हिडिओ पुढं ढकलून, प्रमाणपत्र डाउनलोड करून संपतं. वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण बारा वर्षांनी, निवडश्रेणीचं चोवीस वर्षांनी. तिथंही बोलणारा एक आणि ऐकणारे दीडशे.

वर्गात मागं बसावं, मग बाईंशी बोलावं, यासाठीच तर आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आहेत. पद आहे, दरमहा शिक्षकांची शिक्षण परिषदही आहे. पण त्यांचा दिवस जातो शाळाशाळांची माहिती गोळा करून तक्त्यात भरण्यात, तीही "आज दुपारपर्यंत" म्हणून मागितलेली. या कोचिंगला ना प्रोजेक्टर लागतो ना ॲप. दोन खुर्च्या आणि अर्धा तास. मला तो अर्धा तास मिळाला कारण तेवढ्या वेळापुरतं माझ्या गटाला दुसरं माणूस दिलं होतं. ताई अर्धा तास उठली तर तिच्या सोबतच्या गुरुजींच्या गळ्यात चारही वर्ग. तेव्हा इथला कोर्स उचलून तिथं नेऊन काही होणार नाही. आधी तो अर्धा तास कुणीतरी मोकळा करून द्यायला हवा.

परवा रविवारी तिच्यावरच प्रयोग केला. विचारलं, "ताई, परीक्षा सोड, तुला स्वतःला काय शिकावंसं वाटतं?" पलीकडं इतकी शांतता की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "चौथीची पोरं पहिलीतल्यांना शिकवतात ना, माझ्यापेक्षा लवकर समजतं त्यांना. ती नेमकं काय करतात ते एकदा नीट बसून बघायचंय." मी पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात म्हणाली, "ते राहू दे. टीईटीचं पुस्तक उघडलंय, मला त्या पियाजेच्या बालविकासाच्या अवस्था विचार."