लाभ कसला घेताय, अव्हेल करा!

तुम्ही अजून 'फायदा झाला' असंच म्हणता? मग तुमचं कठीण आहे. मराठीत फायद्याची गोष्ट काढली की तो कसा पदरात पडला, हेही त्याच दमात बाहेर येतं. भाविकाला लाभ होतो, दुकानदाराला नफा होतो, चलाख माणूस संधी साधतो, मतलबी आपली पोळी भाजून घेतो, आणि वाहत्या गंगेत हात धुणारे तर गल्लोगल्ली. नुसतं क्रियापद ऐकून समोरचा तुमची पत ठरवून मोकळा! असल्या चोंबड्या भाषेत प्रगती व्हायची कशी? त्यात ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने तिला अभिजात ठरवलं. आता तर ती आणखीच नाक मुरडणार.

तेव्हा इंग्रजीचा आसरा घ्या. सुरुवात 'अव्हेल'पासून करा. दांडी मारू नका, लीव्ह अव्हेल करा. कर्ज तर मुळीच काढू नका. 'कर्ज काढलंय' म्हटलं की सासरवाडीचे एकमेकांकडे बघतात. 'होम लोन अव्हेल केलंय' म्हटलं की तेच वास्तुशांतीची तारीख विचारतात. हप्ता तेवढाच, वर्षंही वीसच. (इंग्रजीच्या जुन्या शिस्तीत हे क्रियापद असं सुटं फिरत नाही. 'अव्हेल वनसेल्फ ऑफ' असं स्वतःला बरोबर घेऊन जावं लागतं. पण आपण बँकेत जामीनदार घेऊन जातो, तेवढं पुरे.)

पुढची पायरी 'लेव्हरेज'. मूळ शब्द लिव्हर, म्हणजे तरफ. धोंडा हलवायला आपण खाली पहार घालतो ना, तोच प्रकार. मामांनी साहेबांच्या कानावर घातलं आणि चिरंजीव चिकटले, याला घरातली म्हातारी माणसं वशिला म्हणतात. तुम्ही म्हणा, 'नेटवर्क लेव्हरेज केलं'. मामा तेच, साहेब तेच, चिरंजीवांचे मार्कही तेच; पहार तेवढी दिसेनाशी होते.

शुद्ध मराठीवाले अंगावर येण्याआधीच कबूल करतो, 'फायदा' आणि 'नफा' हे दोघेही मूळचे अरबी. पण ते इथे इतके मुरले की त्यांच्याशिवाय आपला बाजार भरत नाही. 'अव्हेल' अजून दारातच उभा आहे, चपला काढायच्या की नाही ते विचारतोय.

'ॲडव्हान्टेज' मात्र जपून. सवलतीचा घ्या, सुटीचा घ्या. माणसाचा घेतलात की इंग्रजीत तो थेट गैरफायदा होतो. आमच्या सोसायटीत एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांचा सत्कार होता. सरांनी मे महिनाभर सगळ्यांच्या पोरांना फुकट शिकवलं होतं. सेक्रेटरींनी माईक हातात घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "वुई हॅव टेकन फुल ॲडव्हान्टेज ऑफ सर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सर शाल सावरत म्हणाले, "हो, तिसऱ्या दिवशीच लक्षात आलं होतं माझ्या."

पण अशाने सेक्रेटरी खचले नाहीत, तुम्हीही खचू नका. इतकी वर्षं फळ्यावर 'तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा, ही विनंती' असं लिहिलेलं असायचं. यंदाच्या सत्यनारायणाला झळकलं, 'सर्व मेंबर्सनी प्रसाद ५ ते ७ या वेळेत अव्हेल करावा'. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पावणेसातला धापा टाकत खाली आल्या. तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं, शिऱ्याचा द्रोण घेतला आणि तिथेच उभ्या राहिल्या. मागची रांग चुळबुळायला लागली.

"काय राहिलं, आजी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"प्रसाद मिळाला रे," आजी द्रोण पुढे करत म्हणाल्या, "आता हा अव्हेल कुठे करून देतात?"