गाडी बोगद्यात थांबली तर उतरायचं नाही, मावशी!

काल रात्री साडेदहाला मावशीचा फोन. दर महिन्याला ठाण्याहून पुण्याला जाणारी बाई म्हणते, "मी कल्याणपर्यंत लोकलने जाते, तिथून गाडी पकडते. ठाण्यापुढचा पारसिकचा बोगदा नको बाई." कारण, फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. त्याचा मजकूर असा: बोगद्यात मोबाइलचा सिग्नल जातो, म्हणून ड्रायव्हरला पुढच्या गाडीचा पत्ता लागत नाही, 1861 साली इंग्लंडमध्ये अंधारामुळेच बोगद्यात टक्कर होऊन 23 माणसं गेली, फास्ट लोकल टाळा, आणि गाडी बोगद्यात थांबली तर लगेच उतरून बाहेर पळा.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण तो जीव घेईल. पारसिकच्या बोगद्यात दोन रूळमार्ग आहेत, शेजारी शेजारी. अंधारात खडीवर उतरलात तर समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसणार कधी? 22 जानेवारी 2025 ला जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, माणसं खाली उतरली आणि बाजूच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली डझनभर जण गेले. तेही उघड्यावर, दिवसाउजेडी. आग लागलीच नव्हती.

आता इंग्लंड. ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात 25 ऑगस्ट 1861 ला 23 माणसं दगावली, हे खरं. पण तेव्हा गाड्या वेळेचं अंतर ठेवून सोडत, आणि त्या सकाळी ब्रायटनहून तीन गाड्या सात मिनिटांत सुटल्या. पहिली आत गेली, तिच्यामागे सिग्नल आपोआप 'थांबा'वर यायला हवा होता, आला नाही. सिग्नलमनने धावत लाल झेंडा दाखवला. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला तो अगदी शेवटच्या क्षणी दिसला, गाडी आत जाऊन थांबली आणि तो ती मागे घेऊ लागला. इकडे सिग्नलमनने पलीकडच्या टोकाला तारेवर विचारलं, बोगदा मोकळा आहे का? पलीकडच्याला वाटलं, पहिल्या गाडीबद्दल विचारतोय. उत्तर आलं, मोकळा. तिसरीला पांढरा झेंडा, म्हणजे तेव्हाची 'पुढे जा'ची खूण, मिळाला आणि ती आत मागे येणाऱ्या दुसरीवर आदळली. हा सिग्नलमन त्या दिवशी चोवीस तासांच्या पाळीवर होता, हे फॉरवर्डवाल्याने बरोबर गाळलंय. अंधाराचा वाटा होता, तेवढं मान्य करतो: बाहेरून आतली गाडी दिसत नव्हती. पण दिसत नाही म्हणूनच तर पुढे नियम आला की आधीची गाडी टप्प्याबाहेर गेल्याची खात्री झाल्याशिवाय मागची सोडायची नाही.

मोबाइलचं काय? रेंज वेगळी, रेल्वेचा सिग्नल वेगळा. रुळांतून सौम्य वीज खेळवलेली असते. गाडीची चाकं चढली की ती चाकांतून वळते, गाडीमागचा सिग्नल लाल होतो. कुठे चाकांचे आस मोजणारी यंत्रं असतात. यात कुणाचं सिमकार्ड लागत नाही. पारसिकचा बोगदा 1916 चा आहे, मोबाइलच्या कितीतरी आधीचा.

आणि फास्ट लोकल? फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून त्या मुंब्र्यावरून जातात, बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. लिहिणाऱ्याने गेल्या काही वर्षांत लोकलची खिडकी पाहिलेली नसावी.

मावशीला मी एवढंच विचारलं की कल्याणला चढलीस तरी कर्जतनंतर घाटात दोन डझनांहून जास्त बोगदे लागतात, त्यांचं काय करणार? वर्षानुवर्षं ती त्या बोगद्यांत डबा उघडून निवांत इडली खात आलीय. जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं, ठाण्याहूनच चढते. पण तो मेसेज तुझ्या मामाने पाठवलाय, त्याला तू सांग."