बंदुकीच्या नळ्यांचं वाद्य कोल्हापूरचं नव्हे, मैहरचं

सोलापुरातल्या बँडवाल्यांच्या आणि मंडळांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. कोल्हापूर दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांनी म्हणे अनाथ मुलांचा बँड काढला, बंदुकीच्या नळ्यांपासून वाद्य बनवलं आणि पंडित रविशंकरांना शिकवलं.

काम खरं आहे, माणूस दुसरा. हे सगळं उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचं, आजच्या मध्य प्रदेशातल्या मैहर संस्थानातलं. १९१८ च्या सुमारास साथीत पोरकी झालेली मुलं गोळा करून त्यांनी बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या लहानमोठ्या कापून केलेला नळतरंग त्याच बँडचा. मैहर बँड आजही वाजतो. रविशंकर शिकले तेही मैहरलाच. सूरबहारवादक अन्नपूर्णादेवी या अल्लाउद्दीन खाँ यांच्याच कन्या.

अल्लादियाखाँ गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. ते १९४६ साली गेले, अल्लाउद्दीन खाँ १९७२ साली. नावं सारखी, त्यात कोल्हापूर आपल्याला जवळचं, त्यामुळे गल्लत झाली असणार. पण दोघेही इतके मोठे, की एकाचं श्रेय दुसऱ्याला द्यायची गरजच नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.