‘आई फुकट करते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मानसिक आजारामुळे अपंगत्व आलेल्या माणसांसोबत रिकव्हरी कोच (रोजची कामं पुन्हा स्वतः करायला साथ देणारा माणूस) काय करतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. नाव दिलेलं नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. तुम्ही लिहिलंय : “कोचिंग म्हणजे गप्पांचे पैसे. गोळ्या वेळेवर दिल्या की झालं, बाकी सगळं आई घरात फुकट करते. ऑस्ट्रेलियाचं खूळ कोकणात विकायची ही दुकानदारी. फी किती, ते मात्र लेखात कुठेच नाही. आणि अपंगत्वाचे गुणही अर्धवट दिलेत.”

मतभेद चालेल. ‘दुकानदारी’ चालणार नाही. स्किझोफ्रेनियातून सावरणारी माणसंही हे वाचतात. त्यातला कुणी मोठ्या मुश्किलीने मदत मागायला उठला असेल, तर तुमची ओळ वाचून तो पुन्हा खोलीत जाऊन बसेल. लिहिण्याआधी एवढा विचार करायला काय हरकत होती?

एक चूक मान्य. अपंगत्व मोजायच्या ‘आयडियाज’ पट्टीत स्वतःची निगा, नाती, संवाद आणि काम या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण असतात, एवढंच मी लिहिलं. आजार किती वर्षं आहे याचेही गुण त्यात मिळवतात, ते राहिलं.

आता ‘आई फुकट करते’. करते, पण काय करते? सकाळी उठवते, न्हाणीघरात पाणी काढून ठेवते, गोळी हातावर ठेवून गिळेपर्यंत समोर उभी राहते. अशी दहा वर्षं गेली की पस्तिशीच्या माणसाला स्वतःच्या गोळीचं नाव सांगता येत नाही. यात आईचा दोष नाही. पण कुठलंही काम आपणहून सुरू न करता येणं हे आजाराचं लक्षण आहे, आळस नव्हे. गोळ्यांनी भास जेवढे ओसरतात तेवढं हे ओसरत नाही. कोचचं काम तिथून सुरू होतं.

गोळ्यांचंच घ्या. सात कप्प्यांचा डबा आणायचा. पहिले दोन रविवार मायलेकांनी मिळून भरायचा, डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून. पुढचे दोन रविवार भरायचं त्याने, मोजायचं आईने. मग आईने रात्री फक्त रिकामा कप्पा बघायचा, आणि शेवटी तेही आठवड्यातून एकदाच. साधारण दोन महिने लागतात. बिघडतं कुठे? एका रात्री गोळी राहते, आई घाबरून डबा कपाटात ठेवते, आणि सगळं पहिल्या रविवारवर येतं. म्हणून चुकल्यावर काय करायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवायचं : ओरडायचं नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायची नाही, का राहिली ते विचारायचं. झोप लागली, की हात थरथरतात म्हणून टाळली? टाळली असेल तर डॉक्टरांसाठी तीन ओळी त्याने स्वतः लिहायच्या : कधीपासून, दिवसात केव्हा, त्याने काय अडतं. डोसला कोचने हात लावायचा नाही.

लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असेल तर आपल्याकडचा एप्रिल-मे वेगळा सांभाळावा लागतो. घाम फार गेला आणि पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. आंबे उतरवायला जाणाऱ्याला पाण्याच्या वेळा ठरवून द्याव्या लागतात. अंगदुखीवर आयबुप्रोफेन परस्पर घेतली तरी पातळी चढते. उलट्या, जुलाब, वाढती थरथर दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. या गप्पा आहेत?

आणि अतिकाळजी निरुपद्रवी नसते. लंडनमध्ये ब्राउन या संशोधकांनी, पुढे 1976 मध्ये व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी दाखवलं की सतत टीका किंवा अतिगुंतलेली काळजी असलेल्या घरात आजार जास्त उलटतो. आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर काढणाऱ्यांत तर आणखी. जुलैत पाऊस लागला की इथे मायलेक दिवसभर एकाच माजघरात असतात. त्यामुळे मिरग लागायच्या आधीच दोघांचे वेगळे तास आखायचे : सकाळी त्याने गोठ्याचं काम आईशिवाय करायचं, दुपारी आईने बचतगटात जायचं. आईला ही कामं सोडणं मुलाला ती हाती घेण्याइतकंच जड जातं, तिच्यासोबतही बसावं लागतं.

बारा वर्षं मी लांजा-राजापूरच्या घरांत हेच काम करते. तुम्ही अशी किती घरं आतून पाहिलीत?

बाकीचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेत 2020 पासून ही मदत स्वतंत्र धरली जाते, म्हणून तो उल्लेख. खूळ म्हणायचं तर म्हणा. फी ज्याची त्याला सांगते.

गुणांची ओळ आज दुरुस्त केली आहे. पुन्हा लिहाल तर नावानिशी लिहा आणि डब्याबद्दल लिहा. ‘दुकानदारी’ परत आली तर प्रतिक्रिया छापणार नाही.